बाप कायम मुलाच्याच डोळ्यांनी का दिसतो? (कथा-कादंबऱ्यांतलं घरातलं भांडण)

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितोच.

उन्हाळ्यात गावी होतो तेव्हा माझ्या पिशवीतली सदानंद देशमुखांची 'बारोमास' अण्णांनी उचलली. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७४, शाळा सातवीपर्यंत. पेपर सोडला तर हरिविजय, पांडवप्रताप आणि पंचांग एवढंच वाचन. पण रोज दुपारी लिंबाखाली बाजेवर बसून, ओळीखाली बोट धरून, अकरा दिवसांत त्यांनी ती कादंबरी संपवली. मी विचारलं, कशी वाटली? बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेतकऱ्याचं खरं लिव्हलंय. समदं खरंय. पण त्या पोरानं एकदा तरी बापाला इचारायचं व्हतं की, बाबा, तुला काय वाटायलंय."

मी मराठी शिकवतो. साहित्य अकादमी मिळालेली ही कादंबरी मी वर्गात समजावून सांगितलीय. एम. ए., बी. एड. होऊन नोकरीसाठी भरायला पैसे नाहीत म्हणून घरी बसलेला एकनाथ, त्याची घुसमट, बायकोशी आणि घरातल्यांशी उडणारे खटके, सगळं फळ्यावर मांडलंय. त्याचा बाप सुभानराव हे सगळं कुठून बघत असेल, हे मात्र मला एकदाही सुचलं नव्हतं.

तेव्हापासून कपाटातलं एकेक पुस्तक काढून बघतोय. 'कोसला' (१९६३) मध्ये पांडुरंग सांगवीकर बोलतो, वडील त्याच्या बोलण्यात येऊन जातात. 'झोंबी' (१९८७) मध्ये शाळेसाठी झुंजणारा मुलगा बोलतो, शाळा सोडायला लावणारा बाप त्या मुलाच्या आठवणीतून दिसतो. 'हिंदू' (२०१०) मध्ये बापाच्या मरणाच्या निमित्तानं खंडेराव घरी परततो, म्हणजे बोलायची वेळ निघून गेल्यावर.

तर प्रश्न असा: मराठीत किंवा इतर भारतीय भाषांत, पिढ्यांच्या भांडणात म्हातारी बाजू स्वतःच्या तोंडानं बोलते असं तुम्ही काय वाचलंय? आणि नसेल तर का नाही?

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

सर, कारण सोपं आहे. जो शाळेत गेला त्यानं लिहिलं. बापाच्या हातात कासरा होता, पोराच्या हातात पेन आलं. ज्याच्या हातात पेन त्याची बाजू.

पण एक अपवाद आपल्याच मातीतला आहे आणि तुम्ही तो विसरलात याचं आश्चर्य वाटलं. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१). गंगाराम शिंप्याच्या घराची पडझड. सांगते कोण? ना बाप, ना लेक. सांगते पारबती, गंगारामाची बायको. नवरा आणि लेक यांच्या मधोमध उभी असलेली बाई. आणि सांगते ती लातूर-उस्मानाबादकडच्या आपल्या बोलीत, शेवटपर्यंत.

---

गोदाकाठ (परभणी)

बालाघाटी, खरंच विसरलो. कबूल. आणि ही चूक माझ्या प्रश्नालाच धरून आहे बघा. मी बाप-लेक, बाप-लेक करत बसलो आणि मधली बाई मलाही दिसली नाही.

---

माहूरची (नांदेड)

'म्हातारी बाजू' म्हटल्यावर मला सगळ्यात आधी उषा प्रियंवदा यांची 'वापसी' ही हिंदी कथा आठवते. बी. ए. ला होती आम्हाला. गजाधर बाबू रेल्वेत ३५ वर्षं नोकरी करतात, तीही बहुतेक घरापासून लांब, लहान स्टेशनांवर. निवृत्त होऊन मोठ्या आशेनं घरी येतात. घर त्यांच्याशिवाय जगायला शिकलेलं असतं. त्यांची खाट बैठकीच्या खोलीत टाकलेली असते आणि ती सगळ्यांच्या पायात येते. कुणी दुष्ट नाही त्या कथेत. फक्त जागा नाही. शेवटी ते साखर कारखान्यात नोकरी धरून निघून जातात, बायकोसुद्धा सोबत जात नाही. आणि ते गेल्यावर बायको सांगते, ती खाट बाहेर काढा, चालायलासुद्धा जागा नाही.

आमचे सासरे रेल्वेतच होते. मनमाड, पूर्णा, मुदखेड करत निवृत्त झाले. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी गॅस, दूध, लाईट असा सगळा हिशेब वहीत लिहायला घेतला. माझा जीव कावला. मी नवऱ्याला म्हटलं, त्यांना सांगा आमच्या स्वयंपाकघरात बघू नका. ह्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वही दिसली नाही. त्यानंतर आठेक दिवसांनी ही कथा मी परत काढून वाचली आणि खाटेच्या वाक्याशी थांबले, पुढं जाता येईना. वही मी स्वतः शोधून त्यांना परत दिली. दुधाचा हिशेब शेवटपर्यंत त्यांच्याकडंच होता.

---

हुरडा (परभणी)

माहूरची ताई, हे वाचून गलबललो.

---

कडबा (जालना)

ताईंचा अनुभव खरा आहे, पण मी थोडं वेगळं म्हणतो. 'वापसी' ही नोकरदार घराची गोष्ट. तिथं भांडण मनातल्या जागेचं. आमच्याकडं भांडण सातबाऱ्यावरच्या जागेचं. बोअर कुणाच्या तुकड्यात घ्यायचा, सोयाबीन पेरायचं का ज्वारी, बांध कुणी कोरला, म्हाताऱ्यानं धाकट्याच्या नावानं गुपचूप काही केलं का. शेतकऱ्याच्या घरात पिढ्यांचा वाद विचारांचा म्हणून सुरूच होत नाही, पैशाचा म्हणून होतो आणि मग त्याला विचारांचे कपडे घालतात.

हे नीट कुणी लिहिलं असेल तर प्रेमचंदांनी, 'गोदान' मध्ये, १९३६ साली. शहरात राहून आलेला मुलगा गोबर गावाकडं येतो. दातादीन पंडितानं कधीकाळी बैलासाठी तीस रुपये दिलेले असतात, त्याचे आता दोनशे झालेत म्हणून तो दारात येतो. गोबर सरळ हिशेब मांडतो, रास्त व्याजानं सत्तर रुपये होतात, घ्यायचे तर घ्या. पंडित म्हणतो, मी ब्राह्मण आहे, माझे पैसे बुडवून तुम्हाला सुख लागणार नाही. गोबर बधत नाही. त्याचा बाप होरी मात्र घाबरतो आणि पै-पै फेडायचं कबूल करून बसतो.

हा प्रसंग माझ्या घरात झालाय, जशाच्या तसा. २०१५ च्या दुष्काळात वडिलांनी गावातल्या एकाकडून पैसे घेतले होते. मी मोबाईलवर हिशेब करून दाखवला की मुद्दल केव्हाच फिटलंय. तो माणूस ओट्यावर बसलेला. वडील माझ्याकडं न बघता त्याला म्हणाले, "लेकराचं मनावर घिऊ नका, म्या शब्द दिलाय." सबंध गावासमोर मी खोटा पडलो असं वाटलं मला. चार महिने मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

आता गोदाकाठ सरांच्या प्रश्नाकडं. प्रेमचंद दोघांनाही बोलू देतात. गोबरचा हिशेब बरोबर आहे हे वाचणाऱ्याला कळतं. आणि होरीला त्याच गावात, त्याच माणसांत मरायचंय हेही कळतं. गोबर परत लखनौला जाणार आहे. होरी कुठं जाईल? मला हे पुस्तकात कळलं, घरात कळलं नव्हतं.

---

वाचनवेडी (लातूर)

सगळ्यांचं वाचतेय. बाप, लेक, सातबारा. लेकी कुठं आहेत?

आशापूर्णा देवींची 'प्रथम प्रतिश्रुती' (१९६४) वाचा. पुढं 'सुवर्णलता' आणि 'बकुळकथा', म्हणजे आई, लेक, नात अशा तीन पिढ्या. सत्यवती आयुष्यभर मुलींच्या शिक्षणासाठी झगडते आणि तिच्याच मुलीचं, सुवर्णलतेचं, नवव्या वर्षी तिच्या पाठीमागं लग्न लावून टाकतात. लावणारी कोण, तर आजी. सत्यवती त्या मांडवातून परत फिरते आणि घर सोडून काशीला जाते. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. सुवर्णलता मोठी होते ती आई आपल्याला टाकून गेली हे ओझं घेऊन. आईचं बंड लेकीच्या बाजूनं बघितलं तर सोडून जाणं ठरतं. तीन कादंबऱ्या लागल्या बाईंना हे सांगायला. १९७६ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका.

माझ्या घरी आजी विरुद्ध आई असा सामना होता आणि मैदान मी. दहावीनंतर लातूरला क्लासला राहायचं ठरलं तेव्हा आजीनं दोन दिवस अन्नपाणी सोडलं, "पोरगी परक्या गावात ठिवता व्हय?" आईनं माझी ट्रंक स्वतः एस. टी. त चढवली. मी कित्येक वर्षं हे 'जुनाट आजी, धाडसी आई' असंच सांगत आले. मागच्या वर्षी आजी गेली. तेराव्याला एका म्हाताऱ्या मावशीनं सांगितलं की आजीची धाकटी बहीण शिकायला म्हणून नातेवाइकांकडं ठेवली होती आणि तिथं तिच्यावर काय गुदरलं ते घरात कधी कुणी बोललं नाही. आजीच्या तोंडून हे एकदाही आलं नाही. दोन दिवस उपाशी राहणं एवढंच तिला सांगता आलं.

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

वाचनवेडी, शेवटचं वाक्य वाचून मोबाईल बाजूला ठेवला.

---

उस्मानाबादी_शेळी (धाराशिव)

अवांतर: टीव्हीवरच्या सासू-सुनांना या धाग्यात प्रवेश आहे का? आमच्या घरी साडेसात ते नऊ तीन पिढ्या एका सोफ्यावर एकदिलानं बसतात, पडद्यावर भांडण चालू असलं की घरात शांतता असते. :)

---

गोदाकाठ (परभणी)

शेळीताई, मालिकांना वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथं पुस्तकांवर राहू.

---

पैठणचा (पैठण)

एक उलटं उदाहरण देतो. कादंबरी नाही, पण गोष्ट म्हणून आमच्या गावात अजून सांगतात आणि महिपतींनी लिहून ठेवलीय.

नाथमहाराज, म्हणजे संत एकनाथ, आणि त्यांचा मुलगा हरिपंडित. बाप मराठीत पुराण सांगतो, जातपात न बघता माणसांच्या घरी जेवतो. मुलगा संस्कृत पंडित, त्याला हे पटत नाही. रुसून काशीला निघून जातो. नाथ स्वतः जाऊन समजूत घालतात. मुलाच्या अटी दोन: परान्न घ्यायचं नाही आणि प्राकृतात पुराण सांगायचं नाही, संस्कृतच वाचायचं. नाथ दोन्ही अटी मान्य करतात. पैठणला परत आल्यावर हरिपंडित संस्कृत पोथी लावतो आणि श्रोते हळूहळू यायचे बंद होतात. पुढं सहस्रभोजनाचा, म्हणजे हजार जणांना जेवू घालायचा, नवस असलेल्या बाईची गोष्ट आहे, नाथांचं एक पान उचललं की खाली दुसरं, असं हजार वेळा. पान उचलणारा हरिपंडितच. तेव्हा त्याचे डोळे उघडतात.

चमत्कार बाजूला ठेवा. मला त्यातला मधला काळ महत्त्वाचा वाटतो. बाप गप्प बसला तो काळ. ज्यानं मराठीत भागवत लिहिलं तो माणूस मुलाच्या हट्टाखातर मराठीत बोलायचं थांबला. त्या दिवसांत नाथ घरात काय करत असतील, यावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी.

आणि आपण गृहीत धरतो की तरुण म्हणजे नवा विचार, म्हातारा म्हणजे जुना. इथं बरोबर उलटं आहे.

---

कडबा (जालना)

पैठणचा, शंभर टक्के. आमच्या चुलत आजोबांनी सांगून ठेवलं होतं, माझ्यामागं तीन दिवसांत सगळं उरका, गावजेवण नको, ते पैसे शाळेच्या भिंतीला द्या. ते वारकरी होते. नातवांनी ऐकलं नाही. फ्लेक्स लागले, मंडप पडला, दोन हजार पानं उठली. आणि भिंत आहे तिथंच आहे.

---

माहूरची (नांदेड)

या वळणावर एस. एल. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष' ची आठवण काढायलाच हवी. श्रीनिवास श्रोत्रींचा तरुण मुलगा नदीत बुडून जातो. विधवा सून कात्यायनी पुढं शिकते, दुसरं लग्न करायचं ठरवते. श्रोत्री तिला अडवत नाहीत, पण नातू या घराचा, वंशाचा, तो इथंच राहील. तीही मुलाला ठेवून जाते. आणि शेवटी श्रोत्रींना जुन्या कागदांतून कळतं की ते स्वतःच त्या वंशाचे नाहीत. ज्या झाडासाठी आईपासून लेकरू तोडलं त्या झाडाला मूळच नव्हतं. म्हातारी बाजू इतक्या आदरानं आणि तरी इतक्या कठोरपणे लिहिलेली मी दुसरीकडं पाहिली नाही.

---

वाचनवेडी (लातूर)

माहूरची ताई, आदर मान्य, कठोरपणा अमान्य. श्रोत्रींना ज्ञान मिळतं, कात्यायनीला काय मिळतं? एकापाठोपाठ एक गर्भपात, झुरणं, मरण. पोटचं पोरगं तिला आई म्हणत नाही. लेखक म्हाताऱ्याला विचार करायला शेकडो पानं देतो आणि सुनेला शिक्षा देतो. दोन्ही पिढ्यांना बोलू दिलं म्हणजे दोघींना सारखा न्याय दिला असं होत नाही.

---

माहूरची (नांदेड)

हे मी आजवर असं बघितलं नव्हतं. पटकन हो म्हणवत नाही, कारण तिचं अपराधीपण मला आतून आलेलं वाटलं होतं, बाहेरून लादलेलं नाही. पण परत वाचते.

---

शेवंती (बीड)

नाटक चालेल ना? कारण आमच्या भागात या विषयावर लोक सगळ्यात जास्त जे रडलेत ते 'नटसम्राट' बघून. आमच्या सासूबाई पलंगावर पडून त्यातली स्वगतं मोबाईलवर ऐकायच्या. अर्धांगाचा झटका आला होता त्यांना, सहा वर्षं अंथरुणावर.

ती सहा वर्षं मी केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर, रात्री दोनला आणि पाचला उठणं. आणि रोज संध्याकाळी त्या खोलीतून बेलवलकरांचा आवाज यायचा, घर देता का घर. भेटायला आलेल्या बायका डोळे पुसायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. मी काय केलं होतं? मी घर दिलं होतं. माझं दिलं होतं.

शिरवाडकरांनी आप्पासाहेबांना जे शब्द दिलेत त्याला तोड नाही, मी मान्य करते. पण त्या घरातल्या सुनेला, शारदेला, तेवढ्या ताकदीचं एक स्वगत कुणी दिलं नाही. गोदाकाठ सर विचारतात म्हातारी बाजू कुणी लिहिली. सर, नाटकात म्हाताऱ्यांचीच लिहिलीय. नाही लिहिली ती करणाऱ्या बाईची.

एक पुस्तक मात्र माझ्या नणंदेच्या मुलीनं आणून दिलं, रोहिंटन मिस्त्री यांचं 'फॅमिली मॅटर्स' (२००२). मुंबईतलं पारशी कुटुंब. नरिमन वकील, पार्किन्सन झालेले, त्यात पाय मोडतो. सावत्र मुलगी करून थकते आणि त्यांना धाकट्या मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात आणून सोडते. तिथं शौचाचं भांडं, वास, पैशाची ओढ, नवऱ्याची चिडचिड सगळं आहे. शाळकरी नातू घराला हातभार म्हणून शाळेत चुकीच्या मार्गानं पैसे घ्यायला लागतो. म्हाताऱ्यावर प्रेम आहे आणि त्याचा कंटाळाही आहे, एकाच घरात, एकाच माणसात. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या मनात जे येत होतं ते पाप नव्हतं.

---

वाचनवेडी (लातूर)

शेवंती ताई, ते स्वगत तुम्ही आत्ता लिहिलंत.

---

तेरणाकाठ (औसा)

मी या धाग्यावर वयानं सगळ्यात मोठा दिसतो. ७२ चालू आहे. टायपिंग मुलाच्या मुलीकडून करून घेतोय, चुका झाल्या तर आमच्या दोघांच्या.

तुम्ही विचारलं, म्हातारी माणसं बोलत का नाहीत. मी मुलगा म्हणूनही गप्प राहिलो आणि बाप म्हणूनही, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्री, भूकंप झाला. आमचं माळवदाचं घर बसलं. दगडमातीच्या जाड भिंती होत्या. आम्ही अंगणात निजलो होतो म्हणून वाचलो. आमच्या वडिलांचा जन्म त्या घरातला. पुढं सरकारनं नवं गाव दिलं, सरळ रस्ते, सारख्या खोल्या. मला ते आवडलं. मी ४० वर्षांचा होतो, लेकरं लहान, मला दगडाचं छप्पर नकोच होतं.

वडील नव्या गावात झोपायला यायचे. रोज सकाळी मात्र भाकरी फडक्यात बांधून जुन्या गावठाणात जायचे. तिथं आमच्या ढिगाऱ्यावरचे चार-दोन दगड उचलून बाजूला ठेवायचे आणि दिवस मावळला की परत. एक दिवस नाही, दोन वर्षं. लोक म्हणायला लागले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मला लाज वाटायची. एकदा मी मोटरसायकल घेऊन गेलो, चारचौघांत दरडावलं आणि मागं बसवून आणलं. त्यानंतर ते गेले नाहीत. बाजेवर बसून राहायचे. पुढच्या उन्हाळ्यात वारले.

ते त्या ढिगाऱ्यात काय शोधत होते, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

आता माझा मुलगा पुण्याहून म्हणतो, बाबा, तिथं एकटे काय करता, इकडं या. त्याचं चुकत नाही. मीही बापाला असंच म्हणत होतो. पण मला जायचं नाही आणि का जायचं नाही ते मला सांगता येत नाही. विहिरीवरची मोटर, दोन आंब्याची झाडं, एवढं कारण दिलं की तो हसतो. खरं कारण यापेक्षा मोठं आहे, पण त्याला शब्द नाहीत माझ्याकडं. तुम्ही शिकलेली माणसं आहात. आम्ही बोलत नाही ते अकडून बोलत नाही असं समजू नका. पुष्कळदा आमच्याजवळ फक्त दगड उचलणं असतं.

---

हुरडा (परभणी)

काका, नमस्कार करतो. नातीलाही सांगा, एकही चूक नाही.

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

काका, तुमचं वाचताना 'वाडा चिरेबंदी' आठवलं, त्या देशपांड्यांच्या वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर. एलकुंचवारांच्या नाटकात वाड्यात राहणारे आणि वाडा सोडून मुंबईला गेलेले यांच्यात भिंत उभी आहे. पण तिथंही बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. सगळ्यात म्हातारी दादी मात्र जवळपास बोलतच नाही. आज हे वेगळ्या अर्थानं कळलं.

---

रात्रीचा_अभ्यास (मूळ हिंगोली, सध्या पुणे)

मी २४ वर्षांचा. एमपीएससी करतो, तिसरं वर्ष. आधी लिहिणार नव्हतो, पण सगळे म्हणायलेत बापाला कुणी विचारलं नाही, म्हणून एक बाजू मांडतो. मुलालाही कुणी विचारत नाही. रविवारी फोन येतो. "अभ्यास कसा चाललाय?" "चांगला." "पैसे पुरतेत का?" "पुरतेत." दोन्ही उत्तरं खोटी. 'कोसला' मी म्हणूनच चारदा वाचली. पुण्यात राहून बापाचे पैसे उडवून हात हलवत गावाला परतणाऱ्या पांडुरंगाची भीती काय असते ते मला विचारा. त्याच्या बापाची बाजू मला नकोच होती. आपल्या बापाची बाजू कळली तर परीक्षेला बसणं अजून अवघड होईल, असं वाटायचं.

पण तेरणाकाठ आजोबांचं वाचून झोप लागेना. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' आठवत राहिली, शाळेच्या पुस्तकातली. टमाट्याचा भाव पडतो आणि बाप भर बाजारात स्वतःच्याच मालाचा पायानं चिखल करतो, पोरगा बघत असतो. शाळेत आम्हाला प्रश्न होता, बाजारात काय घडलं ते लिहा. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर दोघं एकमेकांशी काय बोलले असतील, असा प्रश्न नव्हता.

काल रविवार नसताना फोन केला. म्हटलं, बाबा, एक विचारू का, तुम्हाला काय व्हायचं होतं? ते म्हणाले, "का रं, तब्येत बरी हाय ना तुझी?" मी म्हटलं बरी आहे, सांगा. मग म्हणाले ड्रायव्हर. एस. टी. चा ड्रायव्हर. बिल्ला काढायला परभणीला गेले होते, आजोबांनी परत आणलं, बैलाकडं कोण बघंल म्हणून. अजून कळमनुरीचा घाट कुठल्या गिअरमध्ये चढतो ते मला सांगत होते. पंचवीस मिनिटं बोललो. आमचा फोन कधी तीन मिनिटांच्या पुढं गेला नव्हता. पैसे पुरत नाहीत हेही सांगितलं. आणि हे शेवटचं वर्ष आहे हेही.

---

शेवंती (बीड)

बाळा, जेवण वेळेवर करत जा.

---

तेरणाकाठ (औसा)

हिंगोलीच्या लेकरा, तू विचारलंस ते फार बरं केलंस. माझी नात हे टाइप करता करता थांबलीय आणि मला विचारायलीय, आजोबा, तुम्हाला काय व्हायचं होतं? तिला सांगून मग झोपतो.

---

गोदाकाठ (परभणी)

मंडळी, दोन दिवस गावाकडं होतो, नेटवर्क नव्हतं. 'पाचोळा' सोबत नेली होती. अण्णांचे डोळे आता दुखतात म्हणून मीच मोठ्यानं वाचली, रोज रात्री जेवणं झाली की. आई आत भांडी घासता घासता ऐकायची. दुसऱ्या रात्री ती भांडी तशीच टाकून उंबऱ्यात येऊन बसली. पारबतीच्या एका वाक्याला म्हणाली, "आसं नसतं म्हणत, आमच्याकडं येगळं म्हणत्यात," आणि ते वाक्य तिच्या पद्धतीनं म्हणून दाखवलं. अण्णा हसले. पन्नास वर्षांच्या संसारात एखाद्या पुस्तकावर ते दोघं एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदा पाहिले.

वाचून झाल्यावर अण्णा म्हणाले, पारबती खरं बोलती, पण गंगारामाला बी एकदा बोलू द्यायला पाहिजे व्हतं. आई म्हणाली, "तो बोलला आसता तर तिला सांगाय काय लागलं आसतं?"

पुढच्या शनिवारी परत जायलोय. तेरणाकाठ काका, तुमची हरकत नसेल तर तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून नेतो. आमचंही जुनं घर आहे, पडकं, गावाच्या खालच्या अंगाला. अण्णा संध्याकाळी तिकडं चक्कर मारतात, मी कधी सोबत गेलो नाही.